रिकाम्या काट्यावरचं वजन

३ तारीख
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क आवडला! केमोथेरपीचा वॉर्ड, सहा खुर्च्या, मोठाल्या खिडक्या. मोठ्या सिस्टर कडक आहेत, पण डब्यातलं अर्धं मलाच दिलं. पेशंट बहुतेक सत्तरीपुढचे, कॅन्सरमुळे ऑपरेशन करून जठर काढलेले. आधी काट्यावर उभं करायचं, वजनावरून औषधाचं माप ठरतं, मग सलाईन. घड्याळं दुरुस्त करणारे एक आजोबा म्हणाले, पोटच काढून टाकलं, आता बायको पोट सुटल्याचे टोमणे कशी मारते ते बघतो. हसून हसून माझी पुरेवाट झाली. त्यांचं वजन अठ्ठेचाळीस.

२४ तारीख
आजोबा पार वाळलेत. पाय लटपटत होते, काट्यावर चढवेना. दोघींनी धरायला हवं होतं. मोठ्या सिस्टर जेवायला गेलेल्या, आणि पाचजण ताटकळलेले. आजोबाच म्हणाले, मागचंच लिही गं पोरी, कशाला तो छळ. मी अठ्ठेचाळीस लिहून टाकलं. चाळीसही नव्हते, दिसत होतं मला.

३० तारीख
आजोबा गेले. तोंडभर फोड, ताप, औषध जास्त झाल्याचीच लक्षणं. पाण्याचा घोटही उतरत नव्हता. त्यांची मुलगी सांगायला आली आणि माझाच हात धरून आभार मानून गेली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणाला बोलले नाही. बोलले तर नोकरी जाईल.

२ तारीख
सकाळी काटा चालू केला. वर कुणी नाही. अठ्ठेचाळीस! दुरुस्तीवाल्याला शून्यच दिसलं. म्हणाला, काटा ठणठणीत आहे. तो दाराबाहेर पडला आणि — अठ्ठेचाळीस.

३ तारीख
पुन्हा. वर चादर टाकली. चादर दबली — दोन पावलांएवढी.

५ तारीख
आज शाळेतल्या निवृत्त बाई आल्या. मूठभर देह, पस्तीस असतील तर खूप. काट्यावर अठ्ठेचाळीस. मोठ्या सिस्टर खूश, म्हणाल्या, बाईंनी बाळसं धरलं! मी तोच आकडा लिहिला. बाईंनी मला हळूच विचारलं, मागून कोण धरत होतं, हात फार गार होते.

५ तारीख, दुपार
औषध त्याच मापाचं आलं. बाईंना लावलं. सिस्टर जेवायला गेल्या. सांगायलाच हवं — उठतेय — उठवत नाही. मांडीवर कुणीतरी बसलंय. आवाज फुटत नाही — थेंब पडायला लागले — हात तेवढा चालतोय — हे कुणीही वाचाल तर आधी बाईंची नळी बंद करा, त्यांचं वजन खोटं आहे, आजोबांचंही मीच —