चिठ्ठ्या फाडणारा हात

प्रिय मावशी,

झालं गं, दिसले एकदाचे! दोन पट्टे, एकाखाली एक, लख्ख, पट्टी ठेवून आखल्यासारखे. आज दुपारी साडेबाराला त्या अंधाऱ्या खोलीत दिवा लावला आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक आग लागली समजून बादली घेऊन धावले. तीन वर्षं त्या जागी नुसता धुरकट फराटा यायचा. आमचे साहेब कधी हसत नाहीत, तेसुद्धा आज दात दाखवून हसले. मला मात्र पहिली तुझी आठवण आली आणि लगेच चोरट्यासारखं वाटलं. ते का, ते सांगणारच आहे. पण आधी मला जरा मिरवू दे.

बाटल्या धुताधुता तू विचारायचीस, की बाई, एवढी पानं कुटतेस त्यातून काढतेस तरी काय? मी दर वेळी, तुला नाही कळायचं, म्हणून उडवून लावायची. खरं तर मलाच सोपं करून सांगता येत नव्हतं. आता चार महिने तू तळघरातल्या भांडारात आहेस, तर तिथलंच सांगते. भांडाराची मूळ वही कपाटात कुलपात असते की नाही? तसा प्रत्येक पेशीच्या पोटात डीएनए. अक्षरं चारच, पण त्यांच्या क्रमात सगळं लिहिलेलं: पान कसं, मूळ कसं, संकटात तग कसा धरायचा. ही वही जागची हलत नाही. लागतील तेवढ्याच ओळी चिठ्ठीवर उतरवून घेतात, ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. उतरवताना एका अक्षराच्या जागी दुसरं येतं, पण मजकूर तोच. चिठ्ठी बाहेर कारखान्यात जाते, तिथे तीन-तीन अक्षरं वाचून एकेक मणी ओवत प्रथिन बनतं, आणि राबतं ते प्रथिन. काम झालं की चिठ्ठी फाडायची. वहीत सगळंच असतं गं, पण रोप आज कशाशी झुंजतंय ते चिठ्ठ्याच सांगतात. माझं रोप खाऱ्या पाण्यात जगतं. ते कोणत्या चिठ्ठ्यांच्या जोरावर, एवढंच मला हवं होतं.

आणि तिथेच घोडं अडलं होतं. डीएनए भलता चिवट, पण आरएनए महा नाजूक. माझ्या नळीत चिठ्ठ्यांचे नुसते तुकडे यायचे, तोच तो धुरकट फराटा; आरएनए अखंड असला तर दिव्याखाली दोन लख्ख पट्टे दिसतात. कुणीतरी त्या फाडत होतं, हे नक्की. बोट गेलं ते तुझ्या बाटल्यांकडे: धुतल्यावर भट्टीत नीट भाजल्या नसणार! बावीस वर्षांची तुझी नोकरी, आणि एका तक्रारीच्या कागदावर तू पहिल्या मजल्यावरून तळघरात गेलीस. वर तुझ्या नोंदीत ‘हलगर्जीपणा’ असा शेरा. पुढच्या वर्षी निवृत्त होशील तेव्हा तोच शेवटचा ठरला असता.  आणि जाताना तू मलाच म्हणालीस, तुझं काम होऊ दे गं पोरी, माझं काय एवढं.

तू गेलीस, बंद खोक्यातल्या कोऱ्या बाटल्या आल्या, तरी फराटा तो फराटाच! तेव्हा कुठे माझं डोकं ठिकाणावर आलं. शेवटच्या दिवशी तू भाजून ठेवलेली एक बाटली कपाटात होती. तिच्यात विकतचा चांगला आरएनए घातला आणि दिवसभर ठेवला. संध्याकाळी बघते तर जसाच्या तसा. तुझ्या बाटलीत एक कण घाण नव्हती, मावशी. मग मी एकेक पायरी तपासत सुटले, आणि शेवटी काय, काखेत कळसा नि गावाला वळसा. माझा चष्मा घसरतो. हातमोज्यातल्या बोटानं मी तो वर सारते, बोट नाकाला लागतं, आणि तेच बोट नळीच्या झाकणावर. आपल्या कातडीवर, घामात आरएनए फाडणारी प्रथिनं असतात, उकळलं तरी न हटणारी, भट्टीतच मरणारी. तीन वर्षं चिठ्ठ्या मीच फाडत होते! चष्म्याला दोरी बांधली, घटकेघटकेला मोजे बदलले, आणि आज हे दोन पट्टे. नाचता येईना अंगण वाकडं, ते माझ्यासारख्यांसाठीच म्हणतात.

तुला वाटतं, तक्रार साहेबांनी केली. नाही गं. ती मी केली, माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं, आणि त्याच दुपारी तुझ्या हातचा चहाही प्यायले. चार महिने तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आज पट्टे दिसल्याबरोबर साहेबांच्या टेबलावर लिहून दिलं, की चूक माझी, मावशीची नाही. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला: शेरा रद्द, सोमवारपासून तू पहिल्या मजल्यावर. उद्या सकाळी तो कागद तुझ्या हातात पडेल, आणि त्यात तक्रार करणारीचं नाव आहे. ते तुला कागदानं सांगण्याआधी मी सांगावं, म्हणून हे पत्र. माफ कर म्हणायचीही लाज वाटते. तुला शिव्या द्यायच्या असतील तर पोटभर दे मावशी, पण सोमवारी वर येऊन दे.

तुझीच,
पहिल्या मजल्यावरची गुन्हेगार