‘पाहून राह्यला’ हे गाणं चौथ्या नंबरावरून का उतरलं

वरवट बकाल, रविवार

प्रिय नौशादभाई,

दयारामचा जय भीम आणि सलाम, दोन्ही एकाच दमात. अमीनाभाभींना माझा आणि गीताबाईंचा नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव (तू ‘ठीक आहे’ एवढंच लिहितोस, त्यावरून भाभी चालतात की बसून आहेत हे समजत नाही). आमच्याकडे गीताबाईंची साखर काबूत आहे, माझा रक्तदाब नाही, आणि त्याचं कारण सांगायलाच हा कागद घेतला आहे. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. बावीस वर्षं एका शाळेत शिकवलं, तेव्हाही देत नव्हतास. गणिताच्या शिक्षकाला उत्तर मिळालं की हकिगत संपली असं वाटतं. ही हकिगत मध्येच तोडली तर माझी बाजू अर्धीच कळेल, आणि माझी बाजू तशीही थोडी लंगडी आहे.

तुझ्या अकरमने त्याच्या मोबाइलच्या दुकानात तुला एक गाणं ऐकवलं असेलच. मलकापुरात ते वाजलं नाही असं एकही दुकान नव्हतं म्हणतात. त्या गाण्यात एक म्हातारा मध्येमध्ये ओरडतो. तो म्हातारा मी आहे. हे एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं सोपं जाईल.

महामाया पुण्याची चांगली नोकरी सोडून घरी आली, हे तुला ठाऊक आहे. मी तिच्याशी बोलणं सोडलं, हे मात्र मी तुझ्यापासून लपवलं. भांडण वगैरे काही नाही. ती म्हणाली, बाबा, मी गाणी करणार. मी म्हणालो, कर. आणि त्यानंतर दीड वर्ष बोललो नाही. ती दोन हातांच्या अंतरावर बसलेली असायची आणि मी गीताबाईंना म्हणायचो, तिला सांगा पंखा बंद कर. गीताबाईंनी आठ दिवस निरोप पोचवले, नवव्या दिवशी त्या कामाचा राजीनामा दिला. तेव्हापासून पंखा चालूच असे.

मागच्या धान्याच्या खोलीत तिने भिंतींना गाद्या बांधल्या (आमच्या लग्नातल्या दोन धरून). पाहुणा मुक्कामाला आला की एक भिंत उतरवावी लागते आणि त्या दिवशी गाणं बंद. ती जे करते त्याला इलेक्ट्रोपॉप म्हणतात. म्हणजे ढोलकी, बासरी, टाळ्या सगळं संगणकातून निघतं. माणूस फक्त गातो, आणि त्याचाही आवाज असा काढतात की रांजणात तोंड घालून गायल्यासारखा वाटावा. शब्द तिचे, चाल तिची, वाजवणारीही तीच. पहिलं गाणं ‘टाकीवर रेंज आहे’ हे तीनशे अकरा वेळा ऐकलं गेलं, त्यात दोनशे वेळा गीताबाई असाव्यात असा माझा अंदाज. मग ‘कोरडवाहू’ नावाचा चार गाण्यांचा छोटा संच आला. त्यातलं एक गाणं मराठी गाण्यांच्या चार्टवर एक्केचाळिसावं लागलं. हे मला शेगावच्या बसमधल्या कंडक्टरने सांगितलं, तिकिटाबरोबर. (चार्ट म्हणजे आपण वर्गात टांगायचो तो नव्हे. त्या आठवड्यात कोणतं गाणं किती लोकांनी ऐकलं याची ती यादी असते, आणि दर आठवड्याला निकाल लागतो. आपल्या पोरांचा वर्षातून एकदा लागायचा तरी घरोघरी रडारड व्हायची.) मी कंडक्टरला म्हणालो, एक्केचाळीस म्हणजे काठावर पास. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढच्या थांब्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

त्यानंतर नऊ गाण्यांचा अख्खा अल्बम आला, ‘दुपारची पाळी’. त्यातलं तिसरं गाणं ‘पाहून राह्यला’, तेच आपल्या दुखण्याचं.

आता थोडं मागे जातो. मार्चमधली सकाळ. मी ओट्यावर चष्मा ठेवून तोंड धूत होतो. सातपुड्याकडून वानरं येतात हे तुला माहीतच आहे. त्यातलं एक थोराड वानर चष्मा घेऊन पत्र्यावर जाऊन बसलं. गीताबाई म्हणतात की त्याने तो डोळ्यांना लावला. मला चष्म्याशिवाय दिसत नसल्यामुळे मी त्याबाबत साक्ष देऊ शकत नाही. पण ते माझ्याकडे बघत होतं एवढं मला कळलं, आणि नौशादभाई, मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहिताना हात अडतो. तू साक्षीदार आहेस, मी उभी नोकरी ‘काऊन’ या शब्दाशी लढण्यात घालवली. जो मुलगा ‘काऊन’ म्हणेल त्याने पाटीवर ‘का’ शंभर वेळा लिहायचं, हा माझा नियम. आणि त्या सकाळी माझ्या तोंडून माझ्या आईचे शब्द जसेच्या तसे बाहेर आले: “काऊन बे, मले काय पाहून राह्यला? खाली ये, दाखोतो तुले.”

वानर खाली आलं नाही. चष्मा दुपारी चिंचेखाली सापडला, एका काडीने अधू. मी विषय संपला असं समजलो. मला काय माहीत की धान्याच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि महामाया पत्र्याचा आवाज टिपायला माइक लावून बसली होती.

तिने त्यावर प्रेमगीत केलं. पोरगी बसस्टँडवर उभी आहे, समोरचा पोरगा तिच्याकडे बघतोय, ती मनातलं गाते, आणि दर कडव्यानंतर माझा आवाज येतो. ऐकणाऱ्यांना वाटतं तो पोरीचा बाप आहे. (एका परीने आहेच.) गाणं एकोणतिसावं लागलं, मग अकरावं, मग चौथं. हे सगळं घडत असताना मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, कारण मला सांगणार कोण? जिला सांगायचं होतं तिच्याशी मी बोलत नव्हतो, आणि गीताबाई राजीनाम्यावर ठाम होत्या.

मला कळलं ते संग्रामपूरच्या बक्षीस समारंभात. विषय होता ‘प्रमाण भाषेचं महत्त्व’, अध्यक्ष मी. माइकसमोर उभा राहून मी म्हणालो, “विद्यार्थी मित्रहो.” पुढे बोलण्याआधी शेवटच्या रांगेतून कोणीतरी हळूच म्हणालं, “काऊन बे.” मी शिस्तीत त्या दिशेला पाहिलं. आणि तीनशे पोरं एका सुरात म्हणाली, “मले काय पाहून राह्यला?” चालीसकट. पहिल्या रांगेतल्या शिक्षिका रुमालात तोंड घालून बसल्या होत्या. मी भाषण पूर्ण केलं, पण ‘प्रमाण’ हा शब्द आला की पोरं टाळ्या वाजवत होती. शेवटी मुख्याध्यापकांनी नारळ देताना कानात विचारलं, “सर, तो आवाज खरंच तुमचाच काय?”

घरी आलो. महामाया भाकरी खात होती. दीड वर्षानंतर मी तिच्याशी पहिलं वाक्य बोललो ते असं: “ते गाणं काढून टाक.”

ती म्हणाली, “हाव बाबा.”

“आणि माझा तो आवाजही पुसून टाक.”

“हाव.”

एवढंच. हुज्जत नाही, रडणं नाही. भाकरी संपवली, हात धुतले, संगणक उघडला. दुसऱ्या दिवशीच्या निकालात गाणं चौथ्या नंबरावर नव्हतं, चाळिसाव्यावरही नव्हतं, कुठेच नव्हतं. मी जिंकलो होतो. दोन दिवस मी जिंकलेल्या माणसासारखा चौकातून फिरलो. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मागच्या खोलीतून काहीच आवाज येत नाही. आत डोकावलो तर ती गाद्या उतरवून उन्हात टाकत होती. मी गीताबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, मला विचारू नका, मी निरोप पोचवत नाही.

त्याच आठवड्यात गोकुळचा फोन आला. तुझ्या वर्गातला, नेहमी खिडकीजवळ बसणारा. त्याच्याकडून मी दहावीपर्यंत किती वेळा ‘का’ लिहून घेतलं असेल याचा हिशेब तूच करू शकशील. तो आता हिंजवडीत कंपनीत आहे. मला वाटलं तोही हसायला फोन करतोय. तो म्हणाला, “सर, ते गाणं काऊन काढलं?” आणि लगेच, “सॉरी सर, का काढलं?” मग सांगू लागला की पुण्यात गेल्यापासून तो कंपनीत मोजून बोलायचा. एकदा मीटिंगमध्ये ‘मले’ म्हणाला तर लोक महिनाभर त्याची नक्कल करत होते, मग त्याने बोलणंच कमी केलं. आणि गेले पाच आठवडे तेच लोक कँटीनमध्ये एकमेकांना ‘पाहून राह्यला’ म्हणत होते आणि याच्याकडे येऊन उच्चार बरोबर आहे का ते विचारत होते. “मी त्यायले शिकवत होतो सर,” तो म्हणाला. “मास्तर झालतो मी.”

नौशादभाई, मी सिग्नल गेल्याचं सोंग करून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि धान्याच्या खोलीसमोर उभा राहिलो. महामायाला म्हणालो, तो आवाज पुसायला मीच सांगितलं होतं, तर आता मीच नव्याने देतो. तिने गाद्या परत बांधल्या, मला स्टुलावर बसवलं, कानांवर ते दोन वाट्यांसारखे हेडफोन ठेवले.

पहिल्या वेळी मी म्हणालो, “का रे, माझ्याकडे काय पाहत आहेस?” सवय. दुसऱ्या वेळी ‘काऊन’ आलं, पण आकाशवाणीच्या बातम्यांसारखं. ती म्हणाली, बाबा, राग आणा. मी राग आणला तर खोकला आला. ती म्हणाली, कोणाचा तरी चेहरा आठवा. मी आपल्या जुन्या शिक्षणाधिकाऱ्यांचा आठवला, तर आपोआप नम्र झालो. मग ती म्हणाली, आजी कशी ओरडायची ते करून दाखवा. मी दाखवू लागलो. आजी कोंबड्यांना कशी हाकायची, आजोबांना जेवायला कशी बोलवायची (दोन्हींत फारसा फरक नव्हता), शाळेत पहिल्या दिवशी मी ‘मले’ म्हणालो म्हणून गुरुजींनी मला कसं बाकावर उभं केलं. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. दुपार झाली. गीताबाई दोनदा चहा ठेवून गेल्या आणि दोन्ही वेळा दाराशी जरुरीपेक्षा जास्त थांबल्या. एकूण त्रेचाळीस वेळा मी ते वाक्य म्हटलं.

चार दिवसांनी गाणं परत आलं. गीताबाईंनी ऐकवलं. मी लगेच ओळखलं, तो आवाज नवा नव्हता. पत्र्याचा खडखडाट त्यात तसाच होता. मी महामायाला विचारलं, “हा तर जुनाच आहे. तू पुसला होतास ना?”

ती म्हणाली, “नाही पुसला. गाणं काढा म्हणाले, काढलं. आवाज पुसवला नाही माझ्यानं.”

“मग त्रेचाळीस वेळा काऊन घेतलं माझ्याकडून?”

ती वायर गुंडाळत होती. म्हणाली, “तुम्ही बोलून राह्यले होते ना बाबा.”

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. चष्मा पुसावा लागला. काडी अधू असल्याने त्याला वेळ लागतो.

तर असा सगळा प्रकार. गाणं आता दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिल्यावर एक पंजाबी तरुण आहे, तो ट्रॅक्टरवर उभा राहून गातो. त्याच्याविषयी आमच्या घरात चांगलं बोललं जात नाही. पुण्यात महामायाचा मोठा कार्यक्रम ठरला आहे, आणि मी मंचावर येऊन ते वाक्य प्रत्यक्ष म्हणावं असा लोकांचा आग्रह आहे. मी साफ नकार कळवला. निवृत्त मुख्याध्यापकाने काही मर्यादा पाळाव्यात. भाभींच्या गुडघ्याचं नक्की कळव.

तुझा,
दयाराम

ता. क. नकार कळवला असं वर लिहिलं, ते मंगळवारचं. बुधवारी होकार कळवला.

आणखी एक ता. क. अडचण अशी की अनोळखी लोकांकडे बघून मला ओरडता येत नाही. दोनदा सराव केला, दोन्ही वेळा ‘कृपया’ लागलं. समोर कोणीतरी असं हवं की ज्याला पाहताच शब्द आपोआप यावेत. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची मी तुझ्या नावाने धरली आहे. चौदा तारखेची मलकापूरहून तुझी आणि भाभींची तिकिटंही काढली आहेत, फक्त तुला विचारायचं राहिलं होतं. तुला काही करायचं नाही, नौशादभाई. बसायचं आणि माझ्याकडे पाहायचं.