कॅलेंडरवरचे आकडे

मंगळवार, १९ नोव्हेंबर

ही वही ऑफिसने दिली. वर छापलंय — ‘माझं मन, माझी वही’. हसूच आलं! आज ताणतणावावर दोन तासांचं सेशन होतं. शिकवायला आलेल्या मॅडमचा आवाज एकदम मऊ. म्हणाल्या, खांदे दुखणं, झोप न लागणं, उगाच चिडणं, ही सगळी ताणाची लक्षणं. मी तिन्हीवर टिक केली. मग म्हणाल्या, आता पहिल्या पानावर तुमच्या ताणाचं मुख्य कारण लिहा. कुणी बघणार नाही, पण खोटं लिहू नका.

बाकीच्यांनी टार्गेट लिहिलं असेल, बॉस लिहिला असेल. मी लिहिलं — अप्पा.

स्वतःचा बाप! पण खरं तेच आहे. सोमवारी आणि शुक्रवारी माझं काम घरून. परळच्या चाळीतली एक खोली, खाटेवर लॅपटॉप, आणि समोर अप्पा. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. सत्तरी आली, कान गिरणीतच गेले, त्यामुळे ट्रान्झिस्टर मोठा. खाकरणं मोठं. आणि दर अर्ध्या तासाने — ‘नमू, चहा टाकू?’

वेड लागेल मला.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

आज फारच झालं. क्लायंटचा कॉल चालू, माझे आकडे चुकलेले, मी सारवासारव करतेय, आणि अप्पांच्या हातून पातेल्याचं झाकण पडलं. खण्ण! फिरत फिरत माझ्या पायाशी आलं.

मी किंचाळले, ‘जरा म्हणून गप्प बसता येत नाही! मरा ना तिकडे गॅलरीत जाऊन!’

माइक चालू होता.

सगळ्यांनी ऐकलं. हितेंद्र, आमचा टीम लीड, म्हणाला, ‘नम्रता, पाच मिनिटं ब्रेक घे.’ मला लाज वाटली ती हितेंद्रची. अप्पांची नाही वाटली. हे आत्ता लिहिताना कळतंय.

अप्पा खरंच गॅलरीत गेले. माझा कॉल संपला तरी तिथेच. सातला मीच आत बोलावलं, तर म्हणाले, ‘झालं का तुझं काम?’

सोमवार, २५ नोव्हेंबर

मी लॅपटॉप उघडायच्या आत अप्पा स्टूल घेऊन बाहेर. बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून वाईट वाटलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

महिनाअखेर. दुधाचे खाडे बघायला कॅलेंडरपाशी गेले. आईची पद्धत, दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली. फुल्या होत्याच. पण प्रत्येक चौकोनात खाली, बारीक पेन्सिलीत, एकेक आकडा. १३४. १३०. १६६. सगळे तीन आकडी. अक्षर अप्पांचं.

मटका!

मी लहान असताना याच भिंतीवर असेच आकडे असायचे. गिरणी सुटली आणि अप्पा आकडा लावायला लागले. आई मला नाक्यावर पाठवायची त्यांना बोलवायला. म्हणायची, पोरीला बघून तरी उठेल. मी सातवीत होते तेव्हा बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभं राहून आईला शब्द दिला, सोडतो म्हणाले, आणि सोडलं. तीस वर्षं शब्द पाळला. आणि आता म्हातारपणी? दिवसभर मी बाहेर असते, यांना कोण बघणार? उद्या नको. उद्या बोलले तर फार बोलेन.

सोमवार, २ डिसेंबर

दुपारी जेवायच्या सुट्टीत विचारलं. विचारलं कसलं, फाडून खाल्लं! तेही गॅलरीत, सगळ्यांदेखत.

‘या वयात आकडे लावता? आईला काय शब्द दिला होतात?’

‘नाही गं नमू...’

‘कॅलेंडर बोलतंय! तुम्ही बोलूच नका!’

अप्पांनी मान खाली घातली. शेजारच्या कौसल्याकाकू ताडकन आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या हातात बीपीचं मशीन घेऊन. पट्टा लोंबतोय. ते माझ्या हातात कोंबलं.

‘हा घे तुझ्या बापाचा मटका! रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन लावून जातात. डॉक्टरने गोळी चालू केलीय, वरचा आकडा रोज लिहून ठेवा म्हणाला. तुला सांगते म्हटलं, तर म्हणे नको, तिला आधीच टेन्शन आहे!’

अख्खा मजला उभा होता. दोनच्या कॉलला मी कॅमेरा बंद ठेवला.

मंगळवार, ३ डिसेंबर

माफी मागितली. पाया पडायला वाकले तर पाय मागे घेतले. म्हणाले, ‘जाऊ दे. आकडे बघून कुणालाही तेच वाटलं असतं. माझं रेकॉर्डच तसं.’ आणि हसले.

मग हळूच — ‘त्या दिवशी झाकण पडलं, त्याने तुझ्या नोकरीला काही झालं नाही ना?’

मी तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेले.

बुधवार, ४ डिसेंबर

डॉक्टरला दाखवायला म्हणून नोव्हेंबरचे आकडे या वहीत उतरवायला घेतले. अप्पा पाव आणायला खाली गेले होते. मंगळवार १३४. बुधवार १३०. गुरुवार १३२. शुक्रवार १६६. शनिवार-रविवार पुन्हा खाली. सोमवार १६२. पुढचा आठवडा तेच. त्याच्या पुढचाही तेच. २२ तारखेला, झाकणाच्या दिवशी, १७०.

आधी वाटलं, गोळी चुकत असेल. या दोन दिवशीच कशी चुकते, म्हणून पुन्हा बघितलं. सोमवार, शुक्रवार. सोमवार, शुक्रवार.

माझे घरचे दिवस.

पहिलं पान उघडलं. माझ्याच अक्षरात — अप्पा. फाडावंसं वाटलं. नाही फाडलं. खोटं लिहू नका, सेशनच्या मॅडम म्हणाल्या होत्या.

तेवढ्यात अप्पा आले. ‘डोळे का लाल गं? ऑफिसचं काही?’ हो म्हटलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

रजा टाकली. आजच्या दिवशी अप्पा चैत्यभूमीला जातातच. गेली तीन वर्षं मी ‘कॉल आहे’ सांगून टाळलं. आज दोघं चालत दादरला गेलो. रांगेतून दर्शन झालं, मग काकूंच्या महिला मंडळाच्या स्टॉलवर पाणी वाटलं. अप्पा काय खणखणीत ओरडत होते — ‘जयभीम! या, पाणी घ्या! लेकराला पण द्या!’ इतका आवाज आहे त्यांच्यात, मला माहीतच नव्हतं. येताना एका प्लेटमधली भजी दोघांनी खाल्ली.

संध्याकाळी काकूंनी पट्टा बांधला. १२८! शुक्रवार, आणि १२८! काकूंना खरंच वाटेना, त्यांनी दोनदा लावून बघितलं.

सुटले बाई! काही अवघड नाही. फक्त तोंड आवरायचं.

सोमवार, ९ डिसेंबर

घरून काम. अप्पांचं स्टूल मीच आत आणलं. दिवसभर आवाज चढवला नाही. ट्रान्झिस्टर लागला, मी गप्प. वाटी पडली, मी गप्प. हितेंद्रने दोनदा काम परत पाठवलं तरी दात आवळून गप्प.

संध्याकाळी पट्टा मी बांधला.

१७४.

‘अप्पा, अहो, आज तर मी एक शब्द बोलले नाही!’

‘हो ना,’ अप्पा म्हणाले. ‘सकाळपासून वाट बघतोय.’