हळद लागलेला ड्रम

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळीच मार्कहॅमला लेकाकडे फोन. पुष्करचा खोकला? बरा. सुनेची, अपूर्वाची कंबर? आहे तशी. नातीची, गौरांगीची दाढ? काढली! मग लेकानं माझी उलटतपासणी घेतली — गोळ्या घेतेस ना, जड उचलत नाहीस ना. बाबा रे, उन्हाळ्यात हृदयात स्टेंट बसवला. नवी स्प्रिंग घातलेलं घड्याळ आहे मी!

मग बेसमेंटमध्ये पूजा. विळी, शिलाई मशीन, बर्फाचं फावडं — आणि पलटणीच्या बॅगपाइप बँडचा मोठा ड्रम, मी वाजवते तो. आमचा बँडप्रमुख गॉर्डन, जुना फौजी, त्यानं सरावासाठी घरी दिलेला. हळदकुंकवाची बोटं उठवली, झेंडूची माळ घातली. ज्याच्यात जीव गुंततो त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत.

२ ऑक्टोबर

हळद निघेना! पलटणीच्या चिन्हाशेजारीच पिवळी बोटं. साबण लावला तर लाल झाली, लिंबू लावलं तर परत पिवळी. असू दे. दसऱ्याचं सोनं समजा.

९ ऑक्टोबर

एटोबिकोच्या हॉलमध्ये सराव. ड्रम बघून पाइपवाल्यांत कुजबुज. सराव संपल्यावर गॉर्डन जवळ आला. "शीला, नॉट धिस इयर. अकरा नोव्हेंबरच्या सैनिक-स्मृतिदिनाच्या परेडला तू नको."

का? तो नुसता ड्रमकडे बघत राहिला.

अस्सं! म्हणजे हळद बोचली. म्हटलं, "डाग पडला त्याचं सॉरी. पूजेचं सॉरी म्हणणार नाही." तो "इट्स नॉट—" म्हणाला. पुढचं ऐकायला थांबतेय कोण!

जूनमध्ये यांनीच मैदानात ड्रमांवर ड्रम रचले, वर निशाण पांघरलं, आणि पाद्रीबाबांनी त्यासमोर प्रार्थना म्हटली. मीही टोपी सावरून मान खाली घातली होती. तो यांचा देव्हारा, आणि माझी हळद म्हणजे डाग? आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं!

१३ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंगला पुष्करकडे. तो म्हणे, "आई, लेट इट गो ना. मी सुट्टी काढतो, परेड टीव्हीवर बघू." अपूर्वा म्हणाली, "आणि आई, ती इंग्रजांची गाणी. आपल्यावर राज्य केलं त्यांनी!"

म्हटलं, "अगं, ती साहेबाची नाहीत, साहेब घोड्यावर असायचा. ती पायी चालणाऱ्यांची. दळताना हात भरून येऊ नयेत म्हणून ओवी, चालताना पाय दुखू नयेत म्हणून मार्च."

गौरांगी म्हणाली, "आजी, यू आर सॅव्हेज!" अर्थ विचारला नाही. चेहरा तरी कौतुकाचा होता.

पुष्कर मात्र जेवला नाही धड.

२३ ऑक्टोबर

ड्रम हॉलवरच राहिलेला, म्हणून सोफ्याच्या उश्या बडवल्या. ताल चुकला नाही!

३० ऑक्टोबर

बोलावलं नव्हतं तरी हॉलवर गेले. चहा करायला कोणाची परवानगी लागते? ड्रमवर एक नवा गडी — लगीनघाई असल्यासारखा पळतो. मोठ्या ड्रमचा ठोका पडेल तसे सगळ्यांचे पाय पडतात. शेवटचे दोन ठोके त्या ड्रमनं दिले की अख्खा बँड गप्प. ते काय पोरखेळ आहे? म्हातारे फौजी मागं धापा टाकत होते बिचारे.

ठरलं. परेडच्या बरोबरीनं फुटपाथवरून चालेन. बँडचा घागरा, तो किल्ट, घालूनच! त्याच्या निऱ्या मागं, आपल्या लुगड्याच्या पुढं — एवढाच काय तो फरक. गॉर्डनला तोंडावर सांगितलं, "रस्ता सरकारचा, पाय माझे." त्यानं डोळे तेवढे पुसले. सर्दी असेल.

६ नोव्हेंबर

घागऱ्याला इस्त्री. आतून थर्मल, दोन!

१० नोव्हेंबर

संध्याकाळी गॉर्डन दारात. पोटाशी ड्रम धरून. खाली ठेवेना, बसेना.

"हळदीचं कुणालाच काही नव्हतं, शीला. तुझ्या मुलानं फोन केला होता. रडत होता. म्हणाला, आईचं हृदय, एवढं ओझं, काहीतरी सांगून तिला थांबवा, पण माझं नाव नको. मी शब्द दिला होता. पण उद्या तू आम्हाला नावं ठेवत फुटपाथवर चालणार — ते मला नाही बघवणार. हा घे तुझा ड्रम."

चहा दिला त्याला. माझा तसाच निवला.

आत्ता पुष्करला मेसेज टाकला:

"हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी ऑगस्टमध्येच ड्रमला हो म्हटलंय. तू ना त्यांना विचारलंस, ना मला. मी ड्रम वाजवणार आहे. उद्या नऊला ये. ड्रमचे पट्टे पाठीमागून आवळायला माणूस लागतो, आणि रस्ताभर शेजारी कुणी चाललं तर मला आवडेल. येतोस ना राजा? झोपायच्या आत लिही."