डोंगरावर मागितलेलं घर

शुगर लँड, टेक्सस
२५ ऑगस्ट १९८६

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल, हे लिहून झालं. प्रतिमावहिनींची पाठ कशी आहे? मुंबईचं पाणी सोसत नाही म्हणालास, तर उकळून प्या. वीणाची शाळा सुरू होते आहे. उकाडा इतका आहे की गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही कोलोरॅडोला जाऊन आलो. आईला रॉकीज दाखवायच्या होत्या. फोटो धुवायला टाकलेत. बरे आले तर पाठवीन.

आता मुद्द्याचं. फोनवर तू म्हणालास, "सुनू, तूच सांग तिला, तुझं ती ऐकते," आणि फोन बंद. लाइन तुटली की तू ठेवलास, हे मी अजून ठरवलेलं नाही. नागपूरचं घर विकलं, तुझी मुंबईला बदली झाली, दोन खोल्यांत तुम्ही चौघं, म्हणून आईनं आता कायमचं इथंच राहावं. ठरवलंस तू आणि सांगायचं मी! आईला साधं विचारलंही नाहीस. ती इथं बसून वहिनींना मोगऱ्याला पाणी घालायची आठवण करा म्हणून निरोप देतेय, आणि तिकडे मोगऱ्यासकट घर दुसऱ्याचं झालेलं. धन्य आहे तुझी.

गुरुदत्त म्हणाला, घरात नको सांगूस, रडारड होईल. मोकळ्या हवेत सांग. त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी एस्टेस पार्कजवळची एक वाट सुचवली होती. झाडं संपतात तिथवर गाडी जाते, पुढे सपाटीवरून रमतगमत चालायचं. "रिलॅक्स्ड फॅमिली हाइक" हे शब्द त्यानं इतक्या वेळा म्हटले की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. दोन दिवस गाडीत बसून आमची हाडं खिळखिळी झाली. वीणा मागच्या सीटवर वॉकमन लावून बसलेली, काहीही विचारलं की "व्हॉट?" आणि आई दर शंभर मैलांनी विचारायची, "एवढ्या जमिनीत कुणीच कसं राहत नाही गं?"

हाइकच्या दिवशी सकाळी मॅडमनं, म्हणजे आपल्या मातोश्रींनी, मोटेलच्या बाथरूममध्ये हॉट प्लेट लावून बटाट्याची भाजी केली. धुराचा अलार्म कोकलायला लागला. मॅनेजर दारात. गुरुदत्त त्याला "हेअर ड्रायर, हेअर ड्रायर" म्हणून पटवतोय आणि आतून मोहरी-हिंगाचा वास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई मात्र पुऱ्यांच्या डब्यात भाजी भरत शांतपणे म्हणाली, "त्यालाही दे गं दोन पुऱ्या, सकाळी सकाळी उपाशी दिसतोय." दिल्या. घेतल्या त्यानं! म्हणजे त्याच्यापुढे शरमेनं अर्धमेली मी, आणि मैत्री जमली तिची.

वर वारा असा की बोललेलं तोंडातच राहावं. झाड म्हणून एक नाही. नुसतं खुरटं गवत, त्यात बोटाच्या पेराएवढी फुलं, आणि ऑगस्टमध्येसुद्धा समोरच्या डोंगरावर बर्फ. हवा विरळ, त्यामुळे माझं डोकं ठणकत होतं. गुरुदत्त दर वळणावर "इथे उभ्या राहा, तिथे उभ्या राहा" करत फोटो काढत होता. वीणाला भूक, वीणाला थंडी, वीणाला बाथरूम. आणि आई? साडीवर गुरुदत्तचं जाड पार्का जॅकेट, डोक्याला मफलर, पायात नवे बूट, आणि सगळ्यांच्या पुढे! मी बोलायला म्हणून तिला गाठायची, धाप लागलेली असायची, तेवढ्यात ती म्हणायची, "हे फूल बघ सुनू, किती नाजूक, आणि या वाऱ्यात उभंय." मग मी फूल बघायची. काय करणार?

पुढे वाटेच्या कडेनं दगडांच्या चळती दिसायला लागल्या. दगडावर दगड रचलेले, कमरेएवढे. धुक्यात वाट चुकू नये म्हणून पार्कवाल्यांनी केलेल्या खुणा त्या. पण आई एकदम थांबली, आणि तिचा चेहरा असा उजळला! "अगंबाई, इथेही घर मागतात वाटतं!"

तुला आठवतं ना, वणीचा गड? चढताना लोक दगडावर दगड रचतात, स्वतःचं घर व्हावं म्हणून देवीला सांगतात. आपण लहान असताना आईनंही रचले होते. आणि दोन वर्षांत बाबांनी नागपूरचं घर बांधलं. आईचा त्यावर पक्का विश्वास आहे. बाबा म्हणायचे, घर माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून झालं. ती म्हणायची, तो फंड कुणी मिळू दिला?

गुरुदत्त तिला समजावून सांगणार होता. मी म्हटलं, राहू दे रे. खरं सांगू? मला बरंच वाटलं. ती दगड गोळा करण्यात गुंतेल आणि मला दहा मिनिटं कुणाशी काही बोलावं लागणार नाही. ती वाटेपासून थोडी दूर, उताराच्या बाजूला गेली, आणि एकेक दगड नीट पारखून रचायला लागली. वीणासुद्धा वॉकमन काढून तिला दगड आणून द्यायला लागली.

आम्ही दोघं खडकावर बसलो. गुरुदत्त म्हणाला, "टेल हर नाऊ." मी म्हटलं, आत्ता नाही. तो म्हणाला, मग कधी? परतीचं तिकीट पुढच्या महिन्यात आहे, व्हिसाच्या एक्स्टेन्शनचा अर्ज करायचाय. आणि दादा, तिथे माझा तोल गेला. मी इंग्लिशमध्ये ओरडले. आपल्याकडे घरातल्या मोठ्यांपुढे बोलायचं नसेल तेव्हा आपण इंग्लिशमध्ये बोलतो ना, तसं. इथले सगळेच तेच करतात. मी म्हटलं, मला ती कायमची नकोय. हो, असंच म्हटलं. "आय डोन्ट वॉन्ट हर हिअर फॉरेव्हर. त्यानं घर विकलं, त्यानं बघावं."

तुला मी फोनवर काय सांगितलं होतं? की ह्यूस्टनमध्ये तेलाचा धंदा बसलाय, गुरुदत्तच्या कंपनीत माणसं कमी करतायत, म्हणून जरा अडचण आहे. ते खोटं नाही. पण कारण ते नाही. माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिनं तिच्या पद्धतीनं लावलेत, मला साखर सापडत नाही. मी कामावरून येते तेव्हा ती दारात उभी असते, दिवसभराचं साठलेलं बोलायला, आणि मला पाच मिनिटं गप्प बसायचं असतं. ती काही वाईट वागत नाही रे. दिवसभर एकटी असते, गाडी चालवता येत नाही, बोलणार कुणाशी? हे सगळं मला कळतं आणि तरी मला माझं घर परत हवंय. तुझ्यावर इतके दिवस चिडले, आणि वर बसून तुझीच भाषा बोलले.

तेवढ्यात ढग खाली उतरला. पाहता पाहता समोरचं दिसेना. एक म्हातारं जोडपं चालत येत होतं, त्यांना आईची चळत दिसली, आणि ती वाटेचीच खूण समजून ते उताराकडे वळले. नशीब, मागून रेंजर येत होता. त्यानं हाका मारून त्यांना परत बोलावलं. मग आमच्याकडे आला. पोरगेलासा होता, अगदी नम्र. ही कुणी केली? पाडावी लागेल मॅम, धुक्यात माणसं कड्यावरून जायची. आणि कृपया गवतावर चालू नका, ते पुन्हा उगवायला वर्षं लागतात.

मी आईजवळ गेले. म्हटलं, "आई, हे पाडावं लागेल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "हेही?"

तिनं हातातला दगड खाली ठेवला.

"नागपूरचं विकलं का गं? की पाडलं?"

"विकलं," मी म्हटलं. "दादाची बदली झाली. तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. आत्ता तिथे बसून." मग म्हणाली, "पाच महिने दुपारभर तुमचा टीव्ही बघतेय. एवढं इंग्लिश येतं मला."

दादा, मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो सोडवून घेतला. रागानं नाही, तिला खाली वाकायचं होतं म्हणून. रेंजर मदतीला पुढे झाला, गुरुदत्त झाला, तिनं कुणाला हात लावू दिला नाही. वरचा दगड उचलायचा, जिथून आणला तिथे नेऊन ठेवायचा. आम्ही सगळे वाऱ्यात नुसते उभे. वीणा रडत होती. "शी वॉज सो हॅपी, मॉम," म्हणाली. मी पोरीवर खेकसले. तेवढंच बाकी होतं.

खाली उतरताना मी आईला विचारलं, "कुणासाठी मागितलं होतंस?" मला वाटलं, तुझ्यासाठी, मुंबईत मोठी जागा मिळावी म्हणून. नाहीतर आमच्यासाठी, हे घर टिकावं म्हणून. तिनं आयुष्यभर दुसरं केलंय काय?

म्हणाली, "माझ्यासाठी. वणीला मागितलं ते तुम्हा सगळ्यांसाठी होतं, ते झालं, संपलं. आता मला एक खोली पुरे. आतून कडी लावता येईल अशी."

पुऱ्या गाडीत बसून खाल्ल्या. आम्हाला एकेक संपेना. आईनं मात्र चार खाल्ल्या, आणि वर लोणचं मागितलं.

तर ऐक. आई ठरल्या तारखेला निघतेय. एक्स्टेन्शन वगैरे काही नाही. नागपूरला सरलाकाकूंच्या घरामागची खोली रिकामी आहे, तिथे राहणार. काल तिनं मला नंबर लावायला लावून स्वतः काकूंशी बोलून घेतलं. बाबांच्या पेन्शनमध्ये भागेल म्हणते. मी पुष्कळ समजावलं. रडले, भांडले, मी बोलले ते मनातलं नव्हतं असंही म्हटलं. ती म्हणाली, "मनातलंच होतं. राहू दे." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून पोळ्या लाटायला गेली. ती ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. असा हात फिरवल्यावर माणसानं करायचं काय?

तिचे देव, शिवणाचं मशीन आणि तांब्याचा बंब तू मुंबईला नेला असशील तर ते सगळं सामान सरलाकाकूंकडे पोचता कर. ती येण्याआधी. यात कारणं नकोत.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा तिला विचारलं, दादाला काही निरोप? कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, "त्याला लिही, ये म्हणावं नागपूरला, मुलांना घेऊन. जेवायला घालीन, कौतुक करीन. मुक्काम मात्र दुसरीकडे करा म्हणावं."

मला, खोटं कशाला बोलू, आतून बरं वाटलं. तुला बरोबर बसली, असं वाटलं. मी ते लिहून घेत होते, तर तिनं मान वर केली आणि म्हणाली, "आणि सुनू, तुम्ही आलात तरी तसंच."

तुझी, आणि तुझ्यासारखीच,
सुनेत्रा