पट्टी नवी, तारीख नवी

३ तारीख
लागले एकदाची कामाला! खोली झकास आहे, खिडकीतून अख्खं हॉस्पिटल दिसतं. माझं काम अतिदक्षता विभागात. कुणाला मानेच्या शिरेतल्या नळीमुळे, कुणाला लघवीच्या नळीमुळे जंतुसंसर्ग झाला, त्याची नोंद ठेवायची. इथे म्हणे असा संसर्ग कधीच झालेला नाही. आईला फोनवर सांगितलं, तर ती माझ्यापेक्षा जास्त खूश.

५ तारीख
संसर्ग नाही कसला, डोंबल! मानेत नळी घातली की वरच्या पट्टीवर तारीख लिहितात. इथे पट्टी बदलली की तारीखही त्या दिवशीची टाकतात! मग नळी कायम नवीच, आणि इतक्या नव्या नळीवर नियमाने संसर्गाचं खापर फोडता येत नाही. इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, पट्टी नवी तर तारीख नवी, पहिल्यापासून असंच चालतं. मी कपाळाला हात लावला.

९ तारीख
कोपऱ्यातल्या आजोबांना हुडहुडी भरून ताप आला. आमच्या डॉक्टरांना सगळे घाईडॉक्टर म्हणतात. त्यांना म्हटलं, नळी जुनी आहे, काढा. चालता चालताच म्हणाले, कालची तर आहे. संध्याकाळी आजोबा गेले. तापाचं कारण : अज्ञात. संताप संताप झालाय नुसता. भिंतीशी बोललेलं बरं.

१४ तारीख
अपेंडिक्स फुटलं. ऑपरेशन झालं. आता आमच्याच विभागात पडलेय, मानेत नळी. आई आलीय. सिस्टर उशी नीट करतात, घाबरू नकोस गं म्हणतात.

१८ तारीख
पट्टी बदलली. तारीख आजची घातली. मी ओरडले. सगळ्या हसल्या — आजारी पडली तरी हिच्या डोक्यात कामच, म्हणे.

२० तारीख
थंडी. दात वाजतायत. घाईडॉक्टरांना सांगितलं, नळी चौदा तारखेची आहे. त्यांनी पट्टी वाचली. नवीच आहे म्हणाले, आणि गेले. आई म्हणते, त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं गं —

तारीख कळत नाही
स्वतःच नळी ओढायला गेले. धरलं मला. ताप डोक्यात चढलाय म्हणे. हात खाटेला बांधलेत — आईने वही हाताखाली सरकवली, पेन बोटांत दिलं, तेवढंच. आई, पट्टी नको बघूस, माझ्याकडे बघ —

सिस्टर आल्या. नवी पट्टी घेऊन. किती मायेने गालावरून हात फिरवला. म्हणतात, दे गं जरा तुझं पेन, तारीख घालाय