उपाशी चिलटं

प्रिय धाकटे,

जाळीच्या पिंजऱ्यातली ती गुणगुण अजून माझ्या कानात आहे. हजारभर चिलटं एकदम उडाली की बंद वर्गाबाहेरून कविता ऐकू यावी तसं वाटायचं. शब्द कळत नाहीत, चाल मात्र कळते. मी तिथे चिलटं पाळायच्या कामावर होतो. तू त्याच प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होऊन आलीस, आणि घरचा "ए दादा" तिथे "अहो, पिंजरा आणा" झाला. मीही ठसक्यात "आणतो मॅडम" म्हणायचो, आणि तू हसू दाबत खिडकीकडे तोंड फिरवायचीस.

तुझं म्हणणं किती साधं होतं! चिलटाच्या लाळेतलं एक एन्झाइम कातडीखालची वीण उसवतं, आणि मेंढ्यांच्या जिभा निळ्या पाडणारा विषाणू त्याच वाटेने आत शिरतो. बशीतल्या जेलीच्या थरावर लाळेचा थेंब टाकला की एन्झाइम तो थर विरघळवायचं आणि भोवती स्वच्छ गोल उमटायचा. दोनदा उमटला. तिसऱ्यांदा, मोठ्या साहेबांसमोर, काहीच नाही. "मॅडम, हे एन्झाइम चिलटात नाही, तुमच्या डोक्यात आहे," असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. फाइल बंद झाली. तू शाळेत शिकवायला गेलीस, आणि तीस वर्षं स्वतःचीच चूक शोधत राहिलीस.

परवा तिथली नवी संशोधक मुलगी माझ्याकडे आली, चिलटं कशी जगवायची ते विचारायला. बोलता बोलता म्हणाली, आजोबा, रक्त प्यायलेल्या चिलटांची लाळ तपासून काय उपयोग, ती चावतानाच खर्ची पडते. माझा चहा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर बसून मी दोन बश्या करून घेतल्या. उपाशी चिलटांचा गोल झकास उमटला. पोट भरलेल्यांची बशी कोरी, अगदी त्या दिवशीसारखी.

धाकटे, तू चिलटं दोन दिवस उपाशी ठेवायला सांगितली होतीस. मला वाटलं, साहेबांसमोर मरगळलेली दिसली तर तुझं हसं होईल. म्हणून त्या सकाळी मी माझाच हात पिंजऱ्यात घातला, आणि भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तुझ्यामागे उभा राहिलो. तू बरोबर होतीस, शंभर टक्के. सोमवारी मी संस्थेत हे सगळं सहीनिशी लिहून देणार आहे. तुला ते आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. हवं तेवढं रागाव, पण ये.

तुझाच,
दादा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात मोठे साहेब! अठ्ठ्याऐंशीचे झालेत, काठी टेकत तीन जिने चढून आलेत. त्या मुलीने त्यांनाही बश्या दाखवल्या म्हणे. आत या म्हटलं तर येत नाहीत. उंबऱ्यातूनच विचारतायत, "मॅडमचा पत्ता देता का?"